ग्लासविंग फुलपाखरू बघायला कोस्टारिकाला जाताय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं एका जागी

काचेसारखे आरपार पंख असलेल्या ग्लासविंगचा फोटो व्हॉट्सअॅपवर आला की निम्मी मंडळी "एडिट केलेलं असणार" म्हणून पुढे जातात, पण उरलेल्यांपैकी काही जण खरंच विचारतात की हे बघायचं तर जायचं कुठे. हा लेख त्यांच्यासाठी. फुलपाखरू शंभर टक्के खरं आहे, शास्त्रीय नाव ग्रेटा ओटो, मेक्सिकोपासून पनामापर्यंत आणि पुढे कोलंबियाकडेही सापडतं, आणि बघायला सगळ्यात सोयीचा देश म्हणजे कोस्टारिका, त्यातही मोंतेवेर्देचा डोंगराळ भाग.

सुरुवातीलाच सांगून ठेवते, हे फुलपाखरू काही दुर्मीळ वगैरे नाही. तरीही कितीतरी लोक तिथे तीन-चार दिवस राहून न बघता परत येतात, कारण ते आपण नेहमी फुलपाखरं शोधतो तसंच शोधत बसतात, म्हणजे उन्हात, मोकळ्यावर, आणि रंग दिसतोय का ते बघत. ग्लासविंग सावलीत राहतं, गुडघ्या-कमरेएवढ्या उंचीवर झुडपांमधून हळूहळू उडतं आणि रंगाचा तर प्रश्नच नाही, तुम्हाला दिसणार ती फक्त हलणारी एक गडद कड. एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्धं काम झालं.

पहिलं काम: नक्की काय शोधायचंय ते समजून घ्या

पंख पसरले की साधारण साडेपाच ते सहा सेंटीमीटर, म्हणजे मध्यम आकार. अंग बारीक, पोट लांबट आणि सडपातळ. पंखांच्या कडेला गडद तपकिरी पट्टी, तिच्यात विटकरी-नारिंगी छटा, आणि पुढच्या पंखाच्या टोकाकडे एक तिरका पांढरा पट्टा. हा पांढरा पट्टा नीट लक्षात ठेवा, उडताना सगळ्यात आधी तोच डोळ्यात भरतो. बाकी मधला सगळा भाग आरपार, त्यात फक्त काळसर शिरांच्या रेषा. बसलं की पंख मिटून पाठीवर उभे धरतं, आणि मोजायला गेलात तर पाय चारच दिसतील, पुढची जोडी आखूड होऊन छातीशी दुमडलेली असते.

आता हे आरपार कसं काय, ते थोडं सविस्तर सांगते, कारण त्याचा शोधण्याशी थेट संबंध आहे. साध्या फुलपाखराच्या पंखावर खवले असतात, छपरावर कौलं बसवल्यासारखे एकावर एक, आणि पंखाचा रंग म्हणजे त्या खवल्यांचा रंग. ग्रेटा ओटोच्या आरपार भागात खवले विरळ आहेत आणि जे आहेत ते चपटे नाहीत तर बारीक केसांसारखे, काही टोकाला दुभंगलेले. त्यामुळे उजेड अडत नाही. पण एवढ्याने भागत नाही. खिडकीची काच पण आरपारच असते, तरी तिरकं बघितलं की ती चमकते ना? पाण्यातल्या प्राण्यांना हा त्रास कमी कारण त्यांच्या अंगाचा आणि पाण्याचा अपवर्तनांक (म्हणजे उजेड आत शिरताना किती वळतो ते माप) जवळजवळ सारखा, पण हवेत राहणाऱ्याला आरपार होणं फार अवघड, चमकलं की पक्ष्याला पत्ता लागलाच. ग्रेटा ओटोच्या पंखावर यासाठी अतिसूक्ष्म खांब आहेत, नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतात एवढे बारीक, आणि त्यांची उंची मुद्दाम केल्यासारखी कमी-जास्त. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की या वेड्यावाकड्या उंचीमुळेच ८० अंशांपर्यंत तिरकं बघितलं तरी पंखावरून फक्त २ ते ५ टक्के उजेड परत फिरतो. मग २०२१ मध्ये अमेरिकेत एरन पोमेरँट्झ आणि निपम पटेल यांच्या टीमने कोषातल्या पंखांची वाढ टप्प्याटप्प्याने बघितली आणि त्यांना कळलं की वरचे हे खांब मेणाचे आहेत, ते मेण हेक्झेन नावाच्या द्रावकाने धुऊन काढलं की पंख लगेच जास्त चमकायला लागतो. मला हे वाचल्यापासून त्या फुलपाखराबद्दल आदरच वाटायला लागलाय, केवढं काम आहे त्या इवल्याशा पंखात!

तर याचा तुमच्यासाठी अर्थ एवढाच की पंख चमकेल आणि मग मला दिसेल अशी वाट बघत बसू नका. तो चमकत नाही.

दुसरं काम: जायच्या आधी घरच्या घरी सराव

हे बहुतेक लोक करत नाहीत आणि मला वाटतं सगळ्यात जास्त फायदा याचाच होतो. ग्लासविंग ज्या उपकुळात येतं त्याच डॅनेइनी उपकुळात आपली टायगर आणि क्रो फुलपाखरं येतात, म्हणजे ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो ही आपल्याकडची नेहमीची मंडळी. पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी माळावर किंवा टेकडीवर खुळखुळा शोधा, नाहीतर पडीक जागेत भुरुंडी, आणि तिच्या वाळलेल्या, खरचटलेल्या भागावर ही फुलपाखरं येऊन चोखत बसलेली बघा. जास्त करून नर असतात. या झाडांमध्ये जे अल्कलॉइड, म्हणजे कडवट विषारी रसायनं, असतात ते त्यांना हवे असतात, मादीला आकर्षित करणारा गंध तयार करायला आणि शत्रूला बेचव लागायला. कोस्टारिकात ग्लासविंगचे नर अगदी हेच करतात, फक्त झाडं वेगळी. ही सवय एकदा इथे डोळ्यांनी बघितली की तिथे जाऊन काय बघायचं ते आपोआप कळतं.

अजून एक, ग्लासी टायगर नावाचं फुलपाखरू सह्याद्रीत, कोकणात, गोव्यात बऱ्यापैकी दिसतं, त्याच्या काळ्या पंखांवर निळसर-पांढरे ठिपके-पट्टे असतात आणि ते उजेडासमोर थोडे अर्धपारदर्शक वाटतात. ते पण सावलीत रेंगाळत उडतं. त्याच्या मागे कॅमेरा घेऊन थोडं फिरा, सावलीत फोकस करायचा हात बसेल.

आणि हो, संध्याकाळी बागेत अनंताच्या झाडाजवळ भुंग्यासारखं गुणगुणणारं, पारदर्शक पंखांचं, जाडजूड हिरवट-पिवळं काहीतरी दिसलं आणि तुम्हाला वाटलं की ग्लासविंग पुण्यातच आलं, तर नाही, तो पतंग आहे, कॉफी बी हॉकमॉथ. कोषातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या पंखांवर करडे खवले असतात, पहिल्या उड्डाणातच झडून जातात. बघण्यासारखा आहे, पण वेगळा विषय.

तिसरं काम: कधी आणि कुठे

कोस्टारिकात ढोबळमानाने डिसेंबर ते एप्रिल कोरडा मोसम आणि मे ते नोव्हेंबर पावसाळा. पण मोंतेवेर्दे डोंगरावर आहे, साधारण १४०० मीटर आणि त्याहून वर, तिथे "कोरडा" या शब्दावर जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत वारा आणि धुकं जबरदस्त असतं आणि असल्या वाऱ्यात फुलपाखरं बाहेर पडत नाहीत. मे-जूनला पाऊस सुरू झाला की सकाळी बऱ्याचदा ऊन, दुपारनंतर पाऊस, असं चालतं आणि ते आपल्याला चालतं, कारण आपलं काम सकाळचंच आहे. शिवाय ग्लासविंगच्या गटातली बरीच फुलपाखरं ऋतूप्रमाणे डोंगरावर खाली-वर सरकतात, त्यामुळे या आठवड्यात कुठल्या उंचीवर जास्त दिसतायत हे तिथे पोचल्यावर गाईडला विचारणं उत्तम. स्पॅनिश येत नसेल तरी "एस्पेहितोस" (म्हणजे छोटे आरसे, ग्लासविंगचं तिकडचं नाव) म्हणा, गाईडला बरोबर कळतं.

पोचायचं कसं? भारतातून थेट विमान नाही, युरोपातून किंवा अमेरिकेतून बदलून राजधानी सान होसेला जावं लागतं. अमेरिकेतून जाणार असाल तर तिथे फक्त विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो, तिकीट काढायच्या आधी हे बघा, आणि कोस्टारिकाचे स्वतःचे नियम त्यांच्या वकिलातीच्या साईटवर तपासा. सान होसेहून मोंतेवेर्देचं अंतर नकाशावर फार वाटत नाही पण रस्ता घाटाचा, तीन-चार तास धरूनच चाला. राहायला सांता एलेना हे गाव बरं, तिथून सगळं जवळ.

मोंतेवेर्देच का, तर तिथलं जंगल टिकलं म्हणून. १९५१ च्या सुमाराला अमेरिकेतल्या अलाबामातून क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाची काही कुटुंबं सैन्यभरती नको म्हणून इथे येऊन राहिली, कोस्टारिकाने तेव्हा सैन्य नुकतंच बरखास्त केलं होतं. त्यांनी गाई पाळल्या, चीज करायला लागले, पण ओढ्यांच्या उगमाकडचं जंगल मुद्दाम न तोडता राखलं. पुढे १९७२ मध्ये मोठं राखीव क्षेत्र झालं. याच डोंगरावर सोनेरी बेडूक होता, १९८९ नंतर तो कोणालाच दिसला नाही. त्यामुळे तिथली माणसं जंगलाबद्दल हळवी आहेत, तुम्ही पण त्याचा मान ठेवूनच जा.

चौथं काम: पहिला दिवस बंदिस्त बागेत घालवा

थेट जंगलात घुसू नका प्लीज. मोंतेवेर्देत फुलपाखरांची बाग आहे, जाळीच्या आत कोस्टारिकातली फुलपाखरं मोकळी सोडलेली असतात आणि बरोबर माहिती सांगणारा माणूस असतो. तिथे ग्लासविंग आहे का ते विचारा आणि असेल तर बाकी सगळी मोठमोठी निळी मॉर्फो वगैरे सोडून तासभर त्याच्याच मागे राहा. काय बघायचं, तर उडण्याची लय. टायगरसारखीच संथ, पण अजून हलकी, पानांच्या आतून खालून, मध्येच पानाच्या खाली जाऊन बसतं. दुसरं म्हणजे मागचं काय दिसतं ते. पानावर बसलेलं असताना पंखातून खालच्या पानाची शीर सरळ दिसते, फुलपाखराची शीर कुठली आणि पानाची कुठली हे दोन मिनिटं कळत नाही. ही नजर एकदा बसली की जंगलात कामाला येते.

नशीब असेल तर कोष पण दाखवतील, चांदीसारखा चकाकणारा. पंख अजिबात चमकत नाहीत आणि कोष मात्र आरशासारखा! बाहेर पडताना आपल्या पाठीवर, बॅगेवर काही बसलंय का ते कोणाला तरी बघायला सांगा, दाराशी आरसा असेल तर त्यात बघा.

पाचवं काम: फुलपाखरू नाही, झाड शोधा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. ग्लासविंगची मादी अंडी घालते ती सेस्ट्रम गटातल्या झुडपांवर, आणि आपली रातराणी म्हणजे त्याच गटातलं झाड, मूळची तिकडचीच. म्हणजे रातराणीची पानं, ते लांबट हिरवट-पांढरे नळीसारखे फुलांचे झुपके, हे तुम्हाला आधीच ओळखू येतात. कोस्टारिकात या गटातली बऱ्याच जातींची झुडपं आहेत, पानं चुरगळली तर वास उग्र, आणि तिकडे लोक त्यांना सोरियो म्हणतात. जंगलाच्या कडेला, ओढ्याजवळ, जिथे झाड पडून उजेड आलाय अशा जागी ती वाढतात. असं झुडूप दिसलं की थांबा आणि पानांच्या खालच्या बाजूला अळी खात असेल तर पानाला पडलेली भोकं बघा. अळी हिरवी, तिच्या अंगावर जांभळट आणि लाल पट्टे. अळी सापडली म्हणजे मादी या भागात फिरते, मग त्याच जागी पुन्हा पुन्हा या.

नरांसाठी वेगळी झाडं. सूर्यफुलाच्या कुळातली छोटी पांढरट-जांभळी झुपकेदार फुलं येणारी झुडपं आणि भुरुंडीच्या नात्यातली झाडं, तिथे नर अल्कलॉइड गोळा करायला येतात. तिकडचे अभ्यासक भुरुंडीच्या जातीची झुडपं वाळवून जंगलात टांगून ठेवतात आणि नर त्याला येऊन चिकटतात, एवढी ओढ असते. (हे तुम्ही करायचं नाही, परवानगी लागते.) शिवाय घाणेरी, म्हणजे टणटणी. आपल्याकडे तिने सगळीकडे उच्छाद मांडलाय पण ती मूळची अमेरिकेतली, तिकडे ती घरचीच, आणि तिच्या फुलांवर मध प्यायला ग्लासविंग येतं. हॉटेलच्या कुंपणाला टणटणी असेल तर सकाळी चहा घेऊन तिथेच बसा.

या अल्कलॉइडचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. कीथ ब्राउन नावाच्या शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये दाखवलं की या गटातलं फुलपाखरू मोठ्या कोळ्याच्या जाळ्यात अडकलं की कोळी त्याला खात नाही, उलट आजूबाजूचे धागे तोडून सोडून देतो. पण नुकतंच कोषातून निघालेलं, अजून अशा फुलांवर न गेलेलं फुलपाखरू मात्र खातो. म्हणजे विष अळीकडून आयतं आलेलं नाही, मोठं झाल्यावर स्वतः फिरून कमावलेलं आहे. म्हणूनच ती फुलं शोधा म्हणतेय.

सहावं काम: ट्रेलवर

सकाळी आठ-साडेआठपासून अकरापर्यंतची वेळ धरा, तीही धुकं फाटून मध्येमध्ये ऊन पडतंय अशी. दहा पावलं टाका आणि थांबा, असं चाला. बघायचं समोर नाही तर खाली, झुडपांच्या आत, आणि शक्य असेल तर उजेड तुमच्या समोरून येईल असे उभे राहा म्हणजे पंखाची कड काळी उठून दिसते. जंगलाच्या जमिनीवर जिथे उन्हाचे कवडसे पडतात तिथे एखादा नर दिसला तर हलू नका, कारण नर एका जागी गोळा होऊन गंध सोडतात आणि एक असेल तिथे अजून चार असू शकतात. पानावर बसून पंख थोडे उघडून धरलेला नर दिसला तर मागच्या पंखाच्या वरच्या कडेला लांब केसांचा झुपका बघा, एरवी तो पुढच्या पंखाखाली झाकलेला असतो, गंध तिथूनच येतो. हे जवळून बघायला मिळालं तर ट्रिप वसूल.

ट्रेल सोडून आत जायचं नाही आणि पानांत हात घालायचा नाही. झुडपांवर बसणारे छोटे विषारी साप तिकडे आहेत आणि ते पण लपण्यात पटाईत.

हेच का ते? कसं ओळखायचं

इथे नवीन लोक गोंधळतात आणि गोंधळणं स्वाभाविक आहे, कारण पारदर्शक पंखांची फुलपाखरं तिथे एक नाही, बरीच आहेत. ज्या इथोमिनी गटात ग्रेटा ओटो येतं त्यात अमेरिका खंडात ४०० च्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी आरपार. सगळ्या बेचव, आणि एकमेकींसारख्या दिसण्यात सगळ्यांचा फायदा, पक्षी एकीला चाखून बाकीच्यांना सोडतो. त्यामुळे मूळ ग्रेटा ओटो म्हणायच्या आधी बघा: पांढरा तिरका पट्टा ठळक आहे का, मधला भाग स्वच्छ आरपार आहे का पिवळट-धुरकट आहे, कडेला विटकरी छटा आहे का. पिवळट असेल तर बहुतेक दुसरं कोणीतरी. आणि मागच्या पंखावर गुलाबी डाग असलेलं आरपार फुलपाखरू जंगलाच्या अगदी जमिनीलगत दिसलं तर ते पूर्ण वेगळ्या गटातलं, सखल भागातल्या दमट जंगलात राहणारं. तेही फार सुंदर आहे, सोडू नका. खात्रीने जात ठरवायची तर मागच्या पंखाच्या शिरांची मांडणी बघावी लागते, म्हणून बाजूने घेतलेला एक तरी फोटो हवाच.

सातवं काम: फोटो

मोठी अडचण म्हणजे ऑटोफोकस. कॅमेरा पंखातून आरपार जाऊन मागच्या पानावर फोकस करतो आणि स्क्रीनवर सगळं ठीक वाटतं, घरी येऊन बघितलं की फुलपाखरू धूसर आणि पान खणखणीत. म्हणून फोकस पॉइंट एकच आणि छोटा ठेवा, तो डोळ्यावर किंवा पांढऱ्या पट्ट्याच्या कडेवर टाका, पंखाच्या मध्यावर कधीच नाही. ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स असेल तर छान, सावलीत एफ ८, १/२५० आणि आयएसओ १६०० च्या आसपासपासून सुरू करा. पंख मिटलेले असतील तर कॅमेरा पंखाला समांतर धरा म्हणजे सगळ्या शिरा फोकसमध्ये येतात.

पार्श्वभूमीचा विचार इथे दुप्पट करायचा, कारण ती पंखाच्या बाहेर पण दिसणार आणि आतून पण. मागे काटक्यांचा पसारा असेल तर पंख त्यात हरवतो. एक पाऊल डावीकडे-उजवीकडे सरकून मागे लांबचं, एकसारखं हिरवं येईल असं बघा. मोबाईल असेल तर फार जवळ जाऊ नका, टेलिफोटो वापरा, स्क्रीनवर डोळ्यापाशी बोट धरून फोकस लॉक करा. फ्लॅश लावायचाच तर डिफ्यूझर लावून. एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते, दहा-पंधरा मिनिटं आधीच बॅग उघडी ठेवा.

हे करू नका

हातात धरू नका, पंखावर बोट लागलं की मेणाचा तो थर खराब होणार. हाताला मच्छर क्रीम असेल तर तर नाहीच. कोष, अळ्या, मेलेली फुलपाखरंसुद्धा परवानगीशिवाय जंगलातून उचलायची नाहीत. आणि "अळ्या आणून घरच्या रातराणीवर सोडू का" असं कोणी विचारलं तर उत्तर सरळ नाही. बाहेरचा जीव आपल्या रानात आणून सोडला की काय होतं ते टणटणीने आपल्याला दाखवलंय.

कोस्टारिका जमत नसेल तर

अमेरिका, कॅनडा, युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी सोपा मार्ग म्हणजे बटरफ्लाय हाऊस, म्हणजे जिवंत फुलपाखरांची बंदिस्त बाग. कोस्टारिकात फुलपाखरांचे कोष वाढवून परदेशी पाठवायचा मोठा धंदा आहे, खेड्यातल्या बऱ्याच कुटुंबांचं पोट त्यावर चालतं आणि जंगल राखण्यात त्यांचाही फायदा होतो. तिथून येणाऱ्या कोषांमध्ये ग्रेटा ओटो बऱ्याचदा असतं, पण रोज असेलच असं नाही, कोष येतात आणि फुलपाखरं थोडेच दिवस जगतात. म्हणून जायच्या आधी फोन करून विचारा, की सध्या ग्लासविंग उडतायत का आणि कोषांची नवीन खेप कधी येतेय, आणि खेप आल्यावर आठवडाभराने, सकाळी उघडल्या उघडल्या, गर्दी नसताना जा. आत गेल्यावर मधल्या फुलांच्या गर्दीत थांबू नका, कडेला सावलीत जी टणटणी असेल ती गाठा आणि पानांच्या खालून बघायला सुरुवात करा.